डिंडोलीतील थापातोपाठ

वाचकहो, पाठांतराने साध्य होणार नाही अशी विद्या या भूतलावर नाही, हे माझे मत मी एकोणीसशे शहाण्णव सालच्या मार्गशीर्षापर्यंत कोणालाही, कोणत्याही वेळी आणि बहुधा न विचारता सांगत असे. धुळ्याकडील एका पाठशाळेत मी एकतीस वर्षे अध्यापन केले. माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्याला झोपेत चिमटा काढला, तर तो "आई गं!" म्हणण्याऐवजी 'रामः रामौ रामाः' म्हणत उठे! निवृत्तीनंतर मी सुरतेस चिरंजीवांकडे राहावयास आलो. आमचे घर डिंडोलीत. भोवताली सगळी खानदेशी मंडळी. त्यामुळे सत्यनारायण, वास्तुशांत आणि अधूनमधून नवराबायकोची समजूत घालणे, एवढी सेवा माझ्याकडून घडत असे.

अशा एका गुरुवारी सकाळी राघो माझ्या ओट्यावर येऊन बसला. हा राघो पूर्वी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होता. रंगाच्या पाण्याने त्याच्या हातांची कातडी उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला निक्षून सांगितले की हात हवे असतील तर रंग सोड. त्याने रंग सोडला आणि दीड वर्षापूर्वी मुख्य रस्त्यावर 'शोभा फूटवेअर' हे दुकान काढले. दुकानाला नाव पत्नीचे आणि गल्ल्यावर बसणारीही पत्नीच. गिऱ्हाईक तेवढे तिथे बसत नसे.

"गुरुजी, संकट शे," राघो म्हणाला.

"संकट सांगावे. उपाय माझ्याकडे आहे," मी म्हणालो. संकट ऐकण्यापूर्वी उपायाची ग्वाही देण्याची मला सवय होती.

हकिगत अशी होती. मिलमध्ये स्पेन देशातून रंगाचे एक अजस्र यंत्र आले होते आणि ते बसवावयास इग्नासियो नावाचा एक इंजिनीयर. त्याला स्वतःच्या भाषेवाचून दुसरी भाषा अवगत नव्हती. दुभाषी एका सुट्या भागाच्या शोधात मुंबईस गेलेला. मिलचे स्टोअर सांभाळणारे भाईदासभाई राघोला म्हणाले होते, "राघोभाई, साहेबाला बुटाचं कायतरी पायजे छे. शुं पायजे ते मने समजत नथी. सोमवारी तमारा दुकानात घेऊन येतो. साहेब खूश, तर रंगखात्याच्या दीडशे माणसांच्या बुटांचा ऑर्डर तमारो!"

"हा ऑर्डर मिळाला तर दुकान तरलं," राघोने आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे उलगडले. "नाहीतर संक्रांतीपर्यंत शटर खाली, आन् मी परत रंगात."

ते भेगाळलेले तळवे मी पाहिले. मग म्हणालो, "म्हणजे प्रश्न केवळ एका भाषेचा आहे!"

राघोची कन्या सोनाली तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिने ग्रंथालयातून प्रवाशांना उपयोगी पडणारे स्पॅनिशचे एक पुस्तक मिळविले होते. त्यात 'पादत्राणांची खरेदी' असे स्वतंत्र प्रकरण होते. मुलगी हुशार, परंतु आजच्या पिढीप्रमाणे तिला सोपे मार्ग प्रिय.

"बापू, मी दहाबारा शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देते," ती म्हणाली. "कागद काउंटरवर चिकटवायचा. साहेब बोलला की बघायचं. झालं!"

मी मंद स्मित केले. "मुली, जी विद्या कागदावर राहते ती वारा आला की उडून जाते. कंठात राहते तीच खरी. तीन दिवसांत तुझे आईवडील स्पॅनिश म्हणू लागतील, हा माझा शब्द."

"पण गुरुजी, म्हणायचं नाहीये. बोलायचं आहे."

या भेदाकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

त्याच दुपारी सोनालीने एकेक शब्द वाचून त्याचा उच्चार व अर्थ सांगितला आणि मी तो अनुष्टुभात गुंफीत गेलो. थापातो म्हणजे बूट, सांदालिया म्हणजे सँडल, बोता म्हणजे उंच बूट, ताकोन म्हणजे टाच, सुएला म्हणजे तळ. नेग्रो, ब्लांको, मारोन हे काळा, पांढरा, तपकिरी. पेकेन्यो लहान आणि ग्रांदे मोठा. वृत्तासाठी मी काही अक्षरे थोडी आवळली, काही ठिकाणी 'एव च' घातले आणि सूर्यास्तापूर्वी पुढील श्लोक सिद्ध झाला :

थापातो सांदल्या बोता ताकोन् सुएल एव च ।
नेग्रो ब्लांको मरोन् चैव पेकेन्यो ग्रांदमेव च ॥

खरे सांगतो, तो प्रथम मोठ्याने म्हटला तेव्हा माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. स्पेन देशाच्या चपलांना इतका सन्मान त्यांच्या मायदेशीही मिळाला नसेल!

"गुरुजी, एक शब्द राहिला," सोनाली म्हणाली. "कोर्दोनेस. म्हणजे बुटाची लेस."

मी तो शब्द आरंभी घालून पाहिला, अंती घालून पाहिला, मध्ये कोंबून पाहिला. शिंप्याकडे दिलेल्या जुन्या सदऱ्यासारखा श्लोक कुठे ना कुठे उसवू लागला. "वृत्तात बसत नाही," मी निर्णय दिला. "आणि बूट घेणारा लेस मागेलच कशाला? ती बुटाबरोबर येते. आत्म्याबरोबर प्राण येतो तशी."

सोनालीने पुस्तक मिटले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या मागच्या खोलीत संथा सुरू झाली. मी एकदा म्हणावयाचे, राघो आणि शोभाबाईंनी दोनदा. संथेचे नियम मी कोणासाठीही सैल करीत नाही. पायांत वहाण ठेवून पाठ म्हणावयाचा नाही. म्हणताना हात जोडलेले हवेत. मध्येच सुरुवात करावयाची नाही. आणि अडखळल्यास पुन्हा पहिल्या अक्षरापासून!

"गुरुजी, पण वहाणांचाच पाठ, आन् वहाणाच काढायच्या?" शोभाबाईंनी विचारले.

"विषय कोणताही असो, विद्या ती विद्या," मी म्हणालो.

पायांच्या मापांचीही व्यवस्था केली. तिकडील मापे अडतीस, एकोणचाळीस अशी असतात. त्यांचा पाढा बसविला. "त्रेइंता इ ओचो, त्रेइंता इ नुएवे, क्वारेंता, क्वारेंता इ उनो..." रविवारी रात्री शोभाबाई पोळ्या लाटता लाटता चव्वेचाळीसपर्यंत धडाधड जात होत्या. लाटणे जागच्या जागी थांबले, पण पाढा थांबला नाही!

"बठ्ठं पाठ झालं, गुरुजी!" राघोचे डोळे पाणावले होते. "आपल्या तोंडून परदेशी भाषा निघंल असं सपनातबी नव्हतं."

"उद्या शांत राहा. बाकी मी आहेच," मी म्हणालो. मी तिथे असणार होतो, हेच त्या घराचे मोठे दुर्दैव होते, हे आज मान्य करतो.

सोमवार उजाडला. सोनालीचे कॉलेज दुपारपर्यंत. मी अकरा वाजताच दुकानात जाऊन, वहाणा बाहेर पायरीवर काढून, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर पूर्वाभिमुख बसलो. शोभाबाईंनी देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली होती. इतक्यात मिलची व्हॅन थांबली. आधी भाईदासभाई उतरले आणि त्यांच्यामागून, दाराची चौकट किंचित लहान वाटावी असा तांबूस दाढीचा इग्नासियो.

त्याने हसून आपला उजवा पाय पुढे केला आणि बुटाकडे बोट दाखविले. बूट जाडजूड, चांगल्या चामड्याचा, अगदी धडधाकट होता. त्याच्या भोकांतून साडीच्या काठाची एक गुलाबी चिंधी ओवून गाठ मारलेली होती. मला वाटले, देशोदेशीचे अलंकार निरनिराळे; कोणी टिळा लावतो, कोणी चिंधी. मी त्यावर अधिक चिंतन केले नाही.

इग्नासियो म्हणाला, "कोर्दोनेस, पोर फावोर."

राघोने माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. राघो आणि शोभाबाई, दोघांनी चपला काढल्या, पायरीवर नेऊन ठेवल्या, परत येऊन हात जोडले, डोळे मिटले आणि एका सुरात आरंभ केला, "थापातो सांदल्या बोता..."

"अरे! पूजा चालू छे?" भाईदासभाई दचकले. "पहेलां केम नाही सांगितलं!" त्यांनी तत्काळ आपल्या चपला बाहेर काढल्या आणि साहेबालाही तशी खूण केली. साहेबाला आदल्याच दिवशी कोणीतरी एका मंदिरात नेले होते आणि तिथे बूट घालून आत शिरल्याबद्दल त्याला चांगलेच खडसावण्यात आले होते. त्याने विलक्षण चपळाईने चिंध्या सोडल्या, बूट आणि मोजे काढले, पायरीवर नीट लावून ठेवले आणि हात जोडून उभा राहिला.

वाचकहो, ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. चपलांच्या दुकानात पाच माणसे, आणि एकाच्याही पायांत काही नाही!

श्लोक 'ग्रांदमेव च' या अक्षरांवर निर्दोष संपला. इग्नासियोच्या चेहऱ्यावर आधी आदर होता, मग त्यात आश्चर्य मिसळले. त्याला त्या स्तोत्रात आपल्या गावच्या चपला ऐकू येऊ लागल्या असाव्यात. तो हळूच म्हणाला, "सी, सी. थापातो. पेरो... कोर्दोनेस."

राघोने डोळे उघडले आणि कुजबुजला, "गुरुजी, हा शब्द आपल्या पाठात शे का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याअर्थी तो महत्त्वाचा नसावा. पुन्हा म्हण."

पुन्हा श्लोक झाला. साहेबाने मान हलवून नकार दिला. त्याने हवेत बोटांनी गाठ मारल्यासारखे केले. शोभाबाईंना वाटले, त्याला मौंजीबंधनाविषयी काही विचारावयाचे आहे. त्या भक्तिभावाने माझ्याकडे पाहू लागल्या. मग साहेबाने फळीवरच्या एका काळ्या बुटाची नाडीच पकडून हलविली. राघोचा चेहरा उजळला. त्याने तो बूट खाली काढला. पण 'काळा' हा एकच शब्द उच्चारावयाचा, तर तिथवर जाण्याची वाट पहिल्या अक्षरापासूनच! "थापातो सांदल्या बोता ताकोन् सुएल एव च... नेग्रो!" आणि तो श्वास रोखून थांबला.

"नो! नो नेग्रो!"

"थापातो सांदल्या बोता ताकोन् सुएल एव च, नेग्रो ब्लांको!"

"नो!"

"थापातो सांदल्या बोता..."

"राघोभाई, पूजा केटली लांबी छे?" भाईदासभाईंनी घड्याळाकडे पाहत विचारले.

एव्हाना आवाज रस्त्यावर गेला होता. उदबत्तीचा वास, माझी बैठक, हात जोडलेला गोरा माणूस आणि खणखणीत पठण! शेजारच्या चाळीतल्या धुरपदाबाई प्रथम आल्या. त्यांच्यामागून लीला, सुंदरा आणि आणखी दहापंधरा बाया. प्रत्येकीने रीतीप्रमाणे चपला पायरीपाशी काढल्या. "राघोनं पूजा घातली, आन् आम्हाले सांगितलं बी नही?" असा ठपका ठेवून त्या आत दाटीवाटीने बसल्या. आरत्यांचा सराव असल्यामुळे तिसऱ्या आवर्तनालाच त्यांनी 'ग्रांदमेव च' उचलले आणि वर टाळ्यांचा ठेका धरला. पठणाला जे सामूहिक तेज चढले, ते पाहून मी डोळे मिटून घेतले. नको त्या वेळी डोळे मिटणे हा माझा जुना दोष आहे.

बाहेर काय घडत होते, ते मला नंतर कळले. चपलांचे दुकान, दारात वीसेक जोड्यांचा ढीग, आत बायकांची झुंबड! येणाऱ्याजाणाऱ्याने याचा काय अर्थ लावावा? कोणीतरी सायकलवरून ओरडला, "सेल लाग्यो छे!" आणि पाहता पाहता ढिगाभोवती गर्दी जमली. माणसे एक पाय उचलून जोड घालून पाहू लागली.

आत जागा न उरल्याने धुरपदाबाई उंबरठ्यापाशी सरकल्या होत्या. एकाने विचारले, "मावशी, हे बूट केवढ्याला?"

धुरपदाबाईंनी आत नजर टाकली. राघो समाधिस्थ. बिचाऱ्याचे गिऱ्हाईक परत जाऊ नये, या शुद्ध हेतूने, ढिगात आपल्याही चपला आहेत हे विसरून, त्यांनी सौदा ठरविला आणि पैसे पदराच्या गाठीत बांधले. नंतर दुसरा. मग तिसरा. दीड वर्षात राघोने जेवढी विक्री एका सकाळी कधी केली नव्हती, तेवढी धुरपदाबाईंनी अर्ध्या तासात केली!

बारा वाजता सोनाली कॉलेजमधून आली. तिने गर्दीतून वाट काढली, आत पाहिले आणि नेमके तेव्हाच साहेब काकुळतीने ओरडला, "कोर्दोनेस!"

"बापू!" ती किंचाळली. "त्यांना लेस पाहिजे! फक्त लेस! बूट चांगले आहेत त्यांचे, लेस रंगात कुजली असेल!"

टाळ्या थांबल्या. राघोने गल्ल्याखालच्या डब्यातून लेसची एक जोडी काढली. हात केवढा लांब करावा लागला? वीतभर! ती लेस पाहताच इग्नासियोचा चेहरा असा फुलला की मोक्ष मिळालेल्या माणसाचा याहून निराळा फुलत नसेल. त्याने राघोला मिठी मारली. मी म्हणालो, "पाहा, उशिरा का होईना, पाठाचे फळ मिळाले."

मग साहेब लेस ओवण्यासाठी पायरीवर गेला.

पायरीवर एक तुटकी स्लिपर होती. बाकी सारे ब्रह्मांडात विलीन झालेले.

"हाई वो माय!" धुरपदाबाईंनी पदराची गाठ सोडून राघोपुढे धरली. "मी म्हटलं, तू पूजात शे, गिऱ्हाईक कसाले परत धाडू? त्या लाल दाढीवाल्याचे बूट त लगेच गेले. चलथाणले जाणारा माणूस होता. बसमा बसना बी!"

बायका आपापल्या चपलांच्या नावाने आकांत करू लागल्या. भाईदासभाई कितीतरी वेळ आपल्या अनवाणी पायांकडे पाहत राहिले. त्यांच्या चपलाही गेल्या होत्या. "राघोभाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हुं बूट अपाववा आव्यो हतो. गुमाववा नहीं."

बूट घेऊन द्यावयास आलेला माणूस चपला गमावून बसला होता. राघोने दोन्ही हात खिशात घातले. ते त्याने का घातले, हे मला कळले; ते आता पुन्हा रंगात जाणार होते.

शोभाबाईंनी मात्र पदर खोचला. दुकानातल्या सर्वांत चांगल्या चपला भाईदासभाईंच्या पायांत सरकविल्या, बायकांना स्लिपरची एकेक जोडी देऊन वाटेला लावले आणि साहेबाच्या पायाला काही होते का ते पाहू लागल्या. काहीच होत नव्हते. त्याच्या पावलापुढे आमचा चव्वेचाळिसाचा पाढाही अपुरा! शेवटी माळ्यावरून काळ्या गमबुटांचा एक जोड निघाला, अकरा नंबरचा. नमुना म्हणून चुकून आलेला आणि वर्षभर धूळ खात पडलेला. तो साहेबाला बसला. गुडघ्यापर्यंत गमबूट आणि हातात नवी लेस, अशा थाटात इग्नासियो व्हॅनमध्ये बसला. भाईदासभाईंनी ऑर्डरचे नावही काढले नाही.

चार दिवस राघोकडे जाण्याचे धैर्य मला झाले नाही. पाचव्या दिवशी गेलो, तर गल्ल्यापाशी भाईदासभाई बसलेले! मी मागे वळणार, तोच ते म्हणाले, "आवो, गुरुजी, आवो!"

झाले असे की साहेब गमबूट काढावयास तयारच नव्हता. रंगाचे पाणी आत शिरत नव्हते, आणि कुजावयाला लेसच नव्हती. दुभाषी परतल्यावर साहेबाने मिलच्या शेठजींना स्वच्छ सांगितले की रंगखात्यातल्या प्रत्येक माणसाला असेच बूट हवेत. पाय भिजवून काम करणे बरे नव्हे. दीडशे जोड गमबुटांचा ऑर्डर गल्ल्यावर पडला होता आणि राघो तो कागद दोन्ही हातांनी सरळ करीत होता.

आमचे बोलणे चालू असताना एक गृहस्थ कुरकुरत आत आला. त्याच्या हातात ते जाडजूड बूट होते. "दादा, तुमच्या सेलमधून घेतले, चलथाणला नेले, आन् घरी जाऊन बघतो त लेसच नाही! चिंधी बांधून फिरू का?"

राघोने त्याचे पैसे परत केले, वर एक नवी जोडी दिली आणि साहेबाचे बूट कपड्याने पुसून ठेवले.

काउंटरवर सोनालीचा कागद चिकटविलेला होता. मोठ्या अक्षरांत, सर्वांत वर : 'कोर्दोनेस'. मी तो पाहिला. मी तो पाहिला, हे तिनेही पाहिले.

माझ्या वहाणा मात्र त्या दिवशी गेल्या त्या गेल्याच. मी अनवाणी आलो होतो, हे शोभाबाईंच्या ध्यानात आले. "गुरुजी, दक्षिणा म्हणून एक जोड घ्याच," त्या म्हणाल्या.

सोनाली वही-पेन्सिल घेऊन पुढे आली. "गुरुजी, साहेब उद्या ऑर्डरची मापं सांगायला येणार, म्हणून मी हल्ली तिकडचीच मापं लिहिते. तुमचा नंबर किती?"

माझे माप एक्केचाळीस. मीच तिला ते त्या गुरुवारी पुस्तकातून काढावयास लावले होते. एकच शब्दसमूह उच्चारावयाचा होता.

मी हात जोडले. मग डोळे मिटले. मग हळूच म्हणू लागलो, "त्रेइंता इ ओचो, त्रेइंता इ नुएवे..."